रायडिंग मोअर घ्यावा की छोटा ट्रॅक्टर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गवत कापायला बसून चालवायचं यंत्र घ्यायचं ठरलं, की पहिला आठवडा लोक डेकच्या (यंत्राच्या पोटाखालचा, पाती झाकणारा भाग) रुंदीवर वाद घालतात आणि दुसऱ्या आठवड्यात ट्रॅक्टरचे व्हिडिओ बघू लागतात. मग प्रश्न यायला सुरुवात होते. पुन:पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, अडचणीचे पुढे आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. दोन्हीवर बसूनच गवत कापतात. मग फरक नेमका काय?

मोअरमध्ये इंजिनाची ताकद प्रामुख्याने पात्यासाठी असते. चाकं फिरवणं हे त्याचं दुय्यम काम. चेसिस बहुतेक वेळा दाबून वाकवलेल्या पत्र्याची, इंजिन हवेने थंड होणारं पेट्रोलचं, पाती फिरतात पट्ट्यावर (बेल्टवर). साधा लॉन मोअर 200 ते 250 किलोचा असतो. मागे असते ती भोक पाडलेली एक पट्टी, छोटी ट्रॉली अडकवायला.

छोटा ट्रॅक्टर मातीत जोर लावण्यासाठी बनवलेला असतो. गिअरबॉक्सचं ओतीव कवच हाच त्याचा कणा. इंजिन बहुधा तीन सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं डिझेल. मागे मिनिटाला 540 फेरे देणारा पीटीओ (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा), अवजार उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट आणि थ्री-पॉइंट लिंकेज, म्हणजे अवजार तीन ठिकाणी अडकवायची जोडणी. अगदी लहान ट्रॅक्टरही लोडरशिवाय (लोडर म्हणजे पुढे बसवलेली माती उचलायची बकेट आणि तिच्या बाह्या) सहा-सातशे किलो भरतो, मोठे दीड टनाच्या पुढे जातात.

या सगळ्यात महत्त्वाचं ते लिंकेज. हॅरी फर्ग्युसन यांची ही जोडणी 1939 च्या फोर्ड 9एन ट्रॅक्टरवर आली आणि पुढे सगळीकडे रुळली. मातीत ओढल्या जाणाऱ्या अवजाराचा भार तिच्यामुळे मागच्या चाकांवर येतो. म्हणजे जोर लागेल तशी पकड वाढते. मोअरच्या त्या पट्टीला हे जमत नाही.

2. माझी जागा दोन एकर (किंवा तीन, किंवा पाच) आहे. कोणता घेऊ?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि नुसत्या एकरावरून त्याचं उत्तर देता येत नाही. तरी हिशेब मांडून बघू.

42 इंची डेक म्हणजे साधारण 107 सेंटिमीटर. आधीच्या फेरीत कापलेल्या भागावर थोडं चढवून कापावं लागतं, म्हणून उपयोगाची रुंदी धरा एक मीटर. ताशी 6 किलोमीटर वेगाने तासाला 6,000 चौरस मीटर होतात, म्हणजे जवळजवळ दीड एकर. वळणं, झाडांभोवतीचे फेरे आणि पिशवी रिकामी करणं वजा केलं की हातात उरतो सव्वा एकर. 60 इंची झीरो-टर्न मोअर (प्रश्न 4) मोकळ्या सपाट जागेत ताशी 10 किलोमीटरने तासाला तीन एकरांपर्यंत जातो. दोन एकरांना साधा मोअर दीड-पावणेदोन तास घेईल, पाच एकरांना चार तास. पाच एकर हिरवळ दर आठवड्याला कापायची असेल, तरी हिशेब मोठ्या झीरो-टर्नकडेच जातो, ट्रॅक्टरकडे नाही.

म्हणून आम्ही उलट विचारतो: गवत कापून झाल्यावर त्या जागेवर दुसरं कोणतं काम तुमची वाट बघत असतं? काहीच नसेल तर मोअर घ्या, जागा कितीही असो. असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

3. कोणती कामं असली की ट्रॅक्टरशिवाय गत्यंतर नाही?

माती उकरायची, माती किंवा खडी उचलून दुसरीकडे टाकायची, कच्चा रस्ता सपाट करायचा, खांबांसाठी खड्डे घ्यायचे, ओंडके ओढायचे, झुडपं साफ करायची, भरलेली ट्रॉली चढावर न्यायची. यातलं काहीही मोअरकडून करून घेऊ नये.

पण यादीत कामं आहेत एवढ्यावर ट्रॅक्टर घेऊ नका. प्रत्येक कामापुढे ते वर्षातून किती वेळा निघतं ते लिहा. कुंपणाचे खांब एकदाच पुरायचे आहेत, तळ्याची माती एकदाच काढायची आहे. अशा कामांना ट्रॅक्टर किंवा जेसीबी दोन दिवस भाड्याने आणा. चालवणारा त्यात मुरलेला असतो आणि काम तुमच्यापेक्षा लवकर उरकतो. दर महिन्याला रस्ता खचतो, दर पंधरवड्याला खत हलवायचं असतं, लाकूडफाटा सतत आणायचा असतो, तेव्हा मालकीचा ट्रॅक्टर परवडतो. दर आठवड्याचं काम ज्या यंत्राने होतं ते विकत घ्यायचं, वर्षातून एकदा येणारं भाड्यावर काढायचं. हा नियम आम्ही सहसा मोडत नाही.

4. मोअरमध्येही लॉन ट्रॅक्टर, गार्डन ट्रॅक्टर, झीरो-टर्न अशी नावं दिसतात. हे काय आहे?

लॉन ट्रॅक्टर म्हणजे पुढे इंजिन, स्टिअरिंग चाक आणि पोटाखाली डेक असलेला मोअर. नावात ट्रॅक्टर असला तरी तो मोअरच. लोकांची निम्मी गल्लत इथेच होते.

गार्डन ट्रॅक्टर दिसायला तसाच, पण चेसिस जाड, मागची चाकं मोठी आणि ट्रान्सअॅक्सल (गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल एकत्र असलेला भाग) दणकट. हा वर्ग 1960 च्या दशकात बहरला. जॉन डीअरचा 110 हा 1963 चा. थोडी माती उकरणं, छोटं ब्लेड ढकलणं अशी हलकी कामं तो झेलतो. पुढे लहान डिझेल ट्रॅक्टर आले आणि दोघांच्या मधली ही जागा आक्रसली. आज खरा गार्डन ट्रॅक्टर शोधावा लागतो, आणि नवा घेताना त्याची किंमत लहान ट्रॅक्टरच्या इतकी जवळ जाते की मग ट्रॅक्टरच का नको, असं वाटतं.

झीरो-टर्नला स्टिअरिंगऐवजी दोन दांडे असतात. मागची दोन्ही चाकं स्वतंत्र हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर फिरणाऱ्या) मोटरवर चालतात, त्यामुळे तो जागच्या जागी गर्रकन वळतो. झाडं, फुलझाडांचे वाफे, बाकडी असलेल्या बागेत त्याच्याइतका वेळ कुणी वाचवत नाही. मात्र उतार असेल तर आधी प्रश्न 8 वाचा.

5. मोअरही 24 एचपी, ट्रॅक्टरही 24 एचपी. ताकद सारखीच ना?

नाही. मोअरच्या इंजिनावरचा आकडा बरेचदा नुसतं इंजिन चाचणीच्या टेबलावर ठेवून मोजलेला असतो. अमेरिकेत याच आकड्यांवरून ग्राहकांनी उत्पादकांवर दावे लावले आणि 2010 साली त्यात तडजोड झाली. हल्ली अनेक मोअरवर एचपीऐवजी सीसी लिहिलेलं दिसतं.

ट्रॅक्टरमध्येही इंजिनाची एचपी वेगळी आणि पीटीओवर मिळणारी वेगळी. 24 एचपीच्या हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरला पीटीओवर 18 च्या आसपास मिळते. अवजार निवडताना ही दुसरी संख्या बघायची. रोटाव्हेटर किंवा झुडपं कापायच्या कटरला फुटामागे साधारण पाच एचपी लागते, म्हणजे चार फुटी अवजाराला वीस. 18 एचपीला ते जड जमिनीत दम काढतं, हलक्या जमिनीत चालून जातं.

आणि ओढायच्या कामात एचपीपेक्षा वजन मोठं. अडीचशे किलोच्या मोअरला कितीही ताकदीचं इंजिन बसवा, ओल्या मातीत चाकं जागच्या जागी फिरतील.

6. ट्रॅक्टरलाच मोअर डेक लावला तर दोन्ही कामं एकात होतील ना?

होतात, पण हिरवळीवर तडजोड होते. पोटाखालचा डेक आणि मागे ओढायचा फिनिश मोअर, अशा दोन पद्धती आहेत.

पोटाखालच्या डेकला मधला पीटीओ लागतो. तो साधारण 2,000 फेऱ्यांचा असतो आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर नसतो, तेव्हा आधी विचारा. कापणी चांगली होते. अडचण वेगळीच: डेक खाली लटकत असताना खडबडीत जागेत लोडरचं काम करता येत नाही. डेक काढायचा म्हणजे पीटीओचा दांडा सोडवा, पिना काढा, लिफ्टच्या कड्या सोडा, चाकं वळवून डेक बाजूने ओढा. सवय झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण पावसाळ्यात गवत दर आठवड्याला वाढतं आणि मातीची कामंही तेव्हाच निघतात. ट्रॅक्टर वरून चालवत आणून जोडता येईल असेही डेक मिळतात. एकाच यंत्रावर भागवणार असाल तर त्यासाठी जास्त पैसे मोजणं योग्य.

मागचा फिनिश मोअर जोडायला-सोडायला सोपा. पण ट्रॅक्टरची चाकं आधी गवत दाबून जातात आणि पाती मागून येतात, त्यामुळे कोवळ्या गवतात चाकांचे पट्टे उभे राहतात. झाडाच्या बुंध्याजवळ कापताना मान सारखी मागे.

एक सूचना दोन्हीला लागू आहे. हिरवळीवर फोर-व्हील ड्राइव्ह बंद ठेवा. ती चालू असताना तीव्र वळण घेतलं की पुढची चाकं गवत मुळासकट खरवडतात.

7. पावसाळ्यात गवत कंबरेएवढं होतं. मोअर कापेल का?

एखाद-दोन वेळा कापेल, मग पट्टा जाईल. मोअरचा डेक नियमित कापल्या जाणाऱ्या गवतासाठी असतो. एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नये, हा हिरवळीचा नियम मोअरच्या तब्येतीलाही लागू पडतो. कंबरेएवढ्या गवतात डेकचं तोंड तुंबतं, देठ स्पिंडलभोवती (पातं ज्यावर फिरतं तो दांडा) गुंडाळतात, बेअरिंग तापतं. शिवाय गवतात दडलेला दगड किंवा तार दिसत नाही. पात्याच्या टोकाचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या घरात असतो. त्यातून सुटलेला खडा कुठे जाईल सांगता येत नाही. वाळलेलं गवत तापलेल्या सायलेन्सरवर साचून पेट घेतं, हा धोका वेगळाच.

अशा जागेला ट्रॅक्टर आणि पीटीओवर चालणारा रोटरी कटर किंवा फ्लेल मोअर लागतो. रोटरी कटरची पाती बिजागरीसारखी जोडलेली असतात, दगडावर आपटली की मागे वळतात. हलक्या जातीचा कटर बोटभर जाडीची झुडपं सहज तोडतो. फ्लेलमध्ये अनेक छोटी पाती आडव्या दंडावर लटकतात. चुरा बारीक होतो आणि दगड फारसे उडत नाहीत, म्हणून रस्त्याकडेला किंवा घराजवळ तो बरा.

वर्षातून एकदाच अशी वेळ येत असेल तर तेवढ्यापुरता ट्रॅक्टर बोलवा आणि पुढे मोअरने आठवड्याला कापत राहा.

8. जागेला उतार आहे. कोणता सुरक्षित?

आधी उतार मोजा. डोळ्याचा अंदाज इथे हमखास फसवतो. एक मीटर लांबीची सरळ फळी घ्या, तिचं एक टोक उताराच्या वरच्या बाजूला टेकवा, गवंडी वापरतात ती लेव्हलपट्टी ठेवून फळी आडवी करा आणि दुसऱ्या टोकाखालचं अंतर मोजा. 27 सेंटिमीटर भरलं तर उतार 15 अंशांचा. बहुतेक रायडिंग मोअरच्या पुस्तिकेत मर्यादा हीच असते, काही झीरो-टर्नला दहाच अंश. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत असेल तो आकडा अंतिम धरा.

बसून चालवायच्या मोअरने उतारावर वर-खाली कापायचं, आडवं नाही. वळण सपाटीवर घ्यायचं. ओल्या गवतावर उतारावर जायचंच नाही.

झीरो-टर्नचा घोळ असा, की त्याची पुढची चाकं नुसती गरगरणारी असतात. वळणं आणि थांबणं दोन्ही मागच्या चाकांवर. मागची घसरली की दिशा आणि ब्रेक एकदम जातात आणि यंत्र उतार नेईल तिकडे जातं. तळं, बांध किंवा संरक्षक भिंत जवळ असेल तिथे झीरो-टर्न नेऊ नका.

ट्रॅक्टर जड असला तरी उंच असतो, त्यामुळे तो उतारावर आपोआप सुरक्षित ठरत नाही. त्याची जमेची बाजू म्हणजे रोल बार. स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरवर ही संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तिथे उतरत गेले. पण तो उभा असेल तेव्हाच सीट बेल्टला अर्थ. रोल बार वर असेल तर बेल्ट लावायचाच. दुमडलेला असेल किंवा नसेलच, तर बेल्ट लावू नये, नाहीतर उलटताना माणूस यंत्राखाली अडकून राहतो.

अजून एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक साधारणपणे मागच्या चाकांनाच असतात. भरलेली बकेट पुढे घेऊन उतार उतरताना मागचं वजन हलकं होतं, चाकं जेमतेम टेकलेली राहतात आणि ब्रेक असून नसल्यासारखे होतात. अशा वेळी फोर-व्हील ड्राइव्ह चालू ठेवा, म्हणजे इंजिनाचा रोध पुढच्या चाकांनाही मिळतो. बकेट गुडघ्याच्या खाली.

15 अंशांच्या पुढचा उतार असेल तर तिथे गवत कापायचा हट्ट सोडून झुडपं किंवा जमीन धरणारी वेल लावा.

9. लोडर घ्यावाच का?

ट्रॅक्टर घेणार असाल तर बहुतेकांना घ्यावाच असं सांगतो. लोक मागच्या अवजारांवर तासन् तास विचार करतात आणि नंतर सगळ्यात जास्त वापरतात पुढची बकेट. मात्र अपेक्षा बेताची ठेवा. अगदी लहान ट्रॅक्टरच्या बकेटमध्ये दीड-पावणेदोनशे लिटर माती मावते. ओली असेल तर तिचं वजन अडीचशे किलोच्या पुढे जातं, आणि लोडरची क्षमता तिथेच कुठेतरी संपते.

मागे वजन न लावता लोडर वापरू नका. थ्री-पॉइंटवर अडकवलेली वजनपेटी, नाहीतर एखादं जड अवजार, काहीतरी हवंच. टायरमध्ये पाणी किंवा खास द्राव भरूनही वजन वाढवता येतं, पण त्याने पुढच्या अॅक्सलवरचा ताण लिंकेजवरच्या वजनाइतका हलका होत नाही, कारण टायरमधलं वजन मागच्या अॅक्सलच्या पलीकडे लटकत नाही.

10. मोअरच्या मागे छोटा कल्टिव्हेटर लावून परसबाग खणता येईल का?

लॉन ट्रॅक्टरने नाही. त्याचा हायड्रोस्टॅटिक ट्रान्सअॅक्सल बंद डब्यासारखा असतो, बऱ्याच मॉडेलमध्ये तेल बदलायची सोयही नसते. मातीत ओढायला लावला की तेल तापतं, पातळ होतं आणि पेडल दाबूनही यंत्र पुढे सरकेना अशी अवस्था येते. दुरुस्ती म्हणजे बहुधा पूर्ण ट्रान्सअॅक्सल नवा. गार्डन ट्रॅक्टर (प्रश्न 4) हलक्या जमिनीत चालेल. परसबागेपुरतं खणायचं असेल तर चालत ढकलायचा छोटा टिलर स्वस्तात पडतो, त्यासाठी ट्रॅक्टरची गरज नाही.

11. टायर कोणते घ्यावेत?

हिरवळ जपायची असेल तर टर्फ टायर: रुंद, उथळ नक्षीचे. चिखलात आणि नांगरटीत उंच दात्यांचे शेतीचे टायर, पण ते लॉनवर नेलेत तर पुढचे पंधरा दिवस खुणा मोजत बसाल. इंडस्ट्रियल टायर दोघांच्या मधले. लोडरचं वजन सोसतात, सहज पंक्चर होत नाहीत, हिरवळीवर कोरड्यात चालून जातात, चिखलात मात्र भरून गुळगुळीत होतात. एकच जोड घ्यायची आणि कामं मिसळीची असतील, तर आमचं मत इंडस्ट्रियलला.

12. गिअरचा ट्रॅक्टर की हायड्रोस्टॅटिक?

गवत, लोडर, पुढे-मागे सतत करायचं काम असेल तर हायड्रोस्टॅटिक. पायाने पेडल दाबलं की पुढे, सोडलं की थांबला. घरात दोन-तीन जण चालवणार असतील, त्यांत कुणी नवखं किंवा वयस्क असेल, तरीही हाच. लांबच्या लांब तासात नांगर किंवा रोटाव्हेटर चालवायचा असेल तर गिअर बरा: ताकद कमी वाया जाते, किंमत कमी, दुरुस्ती सोपी.

13. देखभालीत कोण जास्त छळतो?

मोअर वरचेवर थोडं मागतो, ट्रॅक्टर क्वचित पण जास्त मागतो. मोअरचं इंजिन ऑइल साधारण 50 तासांनी किंवा वर्षातून एकदा, पात्यांना धार हंगामात दोन-तीनदा, डेक खालून खरवडून साफ. ओलं गवत तसंच चिकटलेलं ठेवलं तर डेकचा पत्रा कडेपासून गंजत जातो. पेट्रोल महिनोन् महिने टाकीत ठेवलं की कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकटा बसतो. हंगाम संपला की टाकी रिकामी करा किंवा पेट्रोल टिकवणारं स्थिरक घाला. काही केल्या मोअर सुरू होईना, अशा तक्रारींत पहिला संशय जुन्या पेट्रोलवरच घ्या.

ट्रॅक्टरला ग्रीसगन हवी आणि ती वापरायची सवय हवी. लोडरच्या प्रत्येक पिनेला ग्रीस भरायचं निपल असतं. हायड्रॉलिक तेल आणि फिल्टर महाग, पण बदल शेकडो तासांनी. रेडिएटरच्या जाळीत गवताचा भुसा अडकतो. तापमानाचा काटा वर सरकला की प्रथम तिथे बघा.

हायड्रॉलिक नळीतून गळती शोधताना हात फिरवू नका. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेलं तेल कातडी भेदून आत जातं आणि जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. असं टोचलंच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

14. बॅटरीवरचा मोअर घ्यावा का?

सपाट, नियमित कापली जाणारी, चार्जिंगच्या जागेजवळची हिरवळ असेल तर जरूर विचार करा. आवाज कमी, तेल नाही, पट्टा नाही, पेट्रोल शिळं होण्याचा प्रश्न नाही. उंच किंवा ओलं गवत आलं की एका चार्जमध्ये होणारं क्षेत्र झपाट्याने घटतं. जाहिरातीतला एकराचा आकडा कोरड्या, आखूड गवताचा असतो. तुमच्या जागेच्या दीडपट आकडा लिहिलेला असेल तोच घ्या. बॅटरी बदलायचा खर्च आधी विचारून ठेवा.

15. जुना घ्यायचा झाला तर काय बघायचं?

अवर मीटर बघा, पण त्याचा अर्थ दोन यंत्रांत वेगळा. साध्या मोअरला 500 तास म्हणजे उतारवय. नीट राखलेल्या डिझेल ट्रॅक्टरला 1,500 तास म्हणजे भर उमेद.

मालकाला सांगून ठेवा, इंजिन आधी सुरू करू नका. थंड असताना कसं चालू होतं ते बघायचंय. तुम्ही गेलात आणि बॉनेट गरम लागलं तर पुढचं सगळं दुप्पट काळजीने तपासा.

मोअरमध्ये स्पार्क प्लगची वायर काढून पातं हाताने वर-खाली हलवा. खुळखुळलं तर स्पिंडलचं बेअरिंग गेलं. मग अर्धा तास चालवून, चांगला तापल्यावर चढावर न्या. थंडपणी पळणारा हायड्रोस्टॅटिक तापल्यावर रेंगाळला तर तिथूनच परत फिरा.

ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिकची डिपस्टिक काढा. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. पुढचा अॅक्सल ज्या पिनेवर झुलतो तिथे बकेटने पुढची बाजू उचलून धक्का द्या. लोडरच्या बाह्यांवर नंतर केलेलं वेल्डिंग आणि त्यावर ताजा रंग दिसला तर कारण विचारा. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेले जुने ट्रॅक्टर आयात होऊन विकले जातात. यंत्रं चांगली असतात, पण त्या मॉडेलचे सुटे भाग तुमच्या भागात मिळतात का आणि रोल बार आहे का, हे सौद्याआधी पाहा.

16. फळबागेत फांद्या खाली आहेत. रोल बार अडकतो. काय करू?

दुमडता येणारा रोल बार असलेला ट्रॅक्टर घ्या आणि झाडांखाली जाताना दुमडा, बेल्ट काढून (कारण प्रश्न 8 मध्ये). ओळीबाहेर आलात की पुन्हा उभा करा. हे लोक करत नाहीत आणि मग बार कायमचा दुमडलेलाच राहतो. ओळींतली जागा अरुंद आणि जमीन सपाट असेल तर बागेपुरता बुटका मोअर जास्त सोयीचा. ट्रॅक्टरवरून फांदी मानेला लागते, हेही ध्यानात ठेवा.

17. जुन्या ट्रॅक्टरला रोटरी कटर लावलाय. क्लच दाबला तरी ट्रॅक्टर थांबत नाही, उलट पुढे ढकलला जातो. बिघाड आहे का?

बिघाड नाही, रचना तशी आहे. काही जुन्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ गिअरबॉक्समधून चालतो. क्लच दाबल्यावर इंजिन सुटतं, पण कटरची जड फिरती पाती चाकासारखी गती साठवून असतात. ती उलट्या दिशेने पीटीओमधून गिअरबॉक्स आणि मागची चाकं फिरवत राहतात. कुंपण समोर असताना हे कळणं परवडत नाही. पीटीओच्या दांड्यावर ओव्हर-रनिंग क्लच नावाचा छोटा जोड बसवा. तो ताकद एकाच दिशेने जाऊ देतो. त्याने दांड्याची लांबी वाढते, म्हणून पीटीओ आणि कटर जोडणारा कार्डन शाफ्ट कापून बेताचा करावा लागतो. स्वतंत्र पीटीओ असलेल्या नव्या ट्रॅक्टरला याची गरज पडत नाही.

शाफ्टचा विषय निघालाच आहे तर: 540 फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला 9. चार सेंटिमीटर जाडीच्या दांड्यावर सेकंदात मीटरभर कापड गुंडाळलं जातं. सैल बाही, ओढणी, उपरणं घालून शाफ्टजवळ जायचं नाही, आणि त्यावरचं प्लॅस्टिकचं कवच फुटलं असेल तर आधी ते बदलायचं.

18. तेवढ्याच पैशात नवा ट्रॅक्टर डेकसकट घेऊ, की जुना ट्रॅक्टर आणि नवा मोअर अशी जोडी?

ठेवायला जागा असेल तर जोडी. मोअर हिरवळ राखतो, ट्रॅक्टरला एखादं जड अवजार कायम लावून ठेवता येतं, आणि एक बंद पडलं तरी काम पूर्ण थांबत नाही. प्रश्न 6 मधली डेक काढ-घाल करायची कटकटही जाते. पण दोन इंजिनं, दोन इंधनं आणि दोघांचं सर्व्हिसिंग सांभाळायची तयारी हवी. शेडचं दार मोजा: रोल बार उभा असताना छोटा ट्रॅक्टरही दोन मीटरच्या पुढे जातो, आणि मोअरच्या डेकला बाजूचं तोंड धरून लिहिलेल्या रुंदीपेक्षा बरीच जास्त जागा लागते.

19. ट्रॅक्टर-मोअरवर मुलाला मांडीवर घेऊन एखादी चक्कर मारली तर चालेल ना?

नाही. मांडीवरून पडलेलं मूल थेट डेकसमोर किंवा मागच्या चाकाखाली येतं. मागे घेताना मुलं जवळ नाहीत याची खात्री करून, मान वळवूनच मागे घ्या. काही मोअर मागे जाताना पाती आपोआप बंद करतात. ती सोय तारा जोडून निकामी करणारे भेटतात. तसला जुना मोअर विकत घेऊ नका.

20. आत्ता लॉनच आहे, पण दोन-तीन वर्षांत बाजूची जमीन घ्यायचा विचार आहे. आत्ताच ट्रॅक्टर घेऊन ठेवू का?

जमीन नावावर होईपर्यंत नको. चांगला मोअर घ्या, तो तोवर तुमचं काम करील. जमीन आलीच तर त्या वेळी मातीचा पोत, उतार आणि पाणी कुठे साचतं हे दिसेल, आणि ट्रॅक्टरची एचपी, टायर, अवजारं त्यावरून ठरतील. आज ठरवलेला ट्रॅक्टर त्या जमिनीला बहुतेक वेळा लहान पडतो. मोअर तेव्हाही हिरवळीसाठी लागणारच आहे, त्यामुळे तो पैसा वाया जात नाही.